आर्बथनॉटची पेढी आणि साहुकारपेठेतली भट्टी



गेल्या भागात आपण जिंजीच्या किल्ल्यावर होतो. आज किल्ला नाही, लढाईही नाही. आज पैसा. पण जागा मद्रासचीच, आणि मराठी माणूस यात अधूनमधून येत राहील, त्यामुळे काळजी नको.

चेन्नईत पॅरीज कॉर्नर म्हणून चौक आहे. तिथून बंदराच्या कडेने जाणारा रस्ता म्हणजे राजाजी सालई. इंग्रजांच्या काळात त्याला फर्स्ट लाइन बीच म्हणत. याच रस्त्यामागे तंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळचे देऊळ आहे. शिवाजी महाराज १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयावर असताना इथे दर्शनाला येऊन गेले, असे देवळात आजही सांगतात. दर्शनाची गोष्ट परंपरेची, पण त्याच वर्षी मे महिन्यात महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांना पत्र पाठवले होते, हे कागदावर आहे. काही औषधी खडे आणि विषावरचे उतारे हवे होते. किंमत कळवा, देऊ, असे त्यात होते. इंग्रजांनी वस्तू पाठवल्या आणि पैसे घेतले नाहीत. व्यापारी जेव्हा बिल लावत नाही, तेव्हा तो दुसरेच काहीतरी विकत घेत असतो. असो, हा विषय वेगळा.

आपल्याला याच रस्त्यावरच्या एका पेढीकडे जायचे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये गोऱ्यांच्या तीन मोठ्या पेढ्या होत्या : पॅरी, बिनी आणि आर्बथनॉट. आर्बथनॉट अँड कंपनी जवळजवळ शंभर वर्षांची. निर्यात, मळे, विम्याच्या एजन्स्या असे सगळे काही त्यांच्याकडे होते, आणि जोडीला बँकेचे काम. लोक त्यांच्याकडे ठेवी ठेवत. हे लोक कोण? निवृत्त नोकरदार, विधवा, वकील, लहान व्यापारी. गोरेही आणि आपलेही. पेढीचे प्रमुख सर जॉर्ज आर्बथनॉट हे शहरातले वजनदार गृहस्थ. त्या काळी मद्रासमध्ये ‘आर्बथनॉटकडे ठेवलेत’ म्हटले की पुढे प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

सोमवार, २२ ऑक्टोबर १९०६. पेढीने व्यवहार बंद केले. दोनच दिवस आधी, शनिवारी, लंडनमधल्या त्यांच्या जोडपेढीचे प्रमुख पॅट्रिक मॅकफेडियन यांनी भुयारी रेल्वेखाली जीव दिला होता. लंडनची पेढी बुडाली आणि तिच्यामागून मद्रासची. धनकोंची संख्या सात हजारांच्या घरात होती. त्याच संकटात बिनीही डगमगली. पुढे लॉर्ड इंचकेप झालेले जेम्स मॅके मधे पडले म्हणून ती तरली. सर जॉर्जवर खटला चालला आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०७ साली एका गोऱ्या ‘सर’ला मद्रासच्या तुरुंगात जावे लागणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा.

आता मुद्द्याचे. पेढी सोमवारी बंद झाली, पण बुडाली कधी? तपासात दिसले ते असे, की ती कित्येक वर्षे आधीच बुडालेली होती. देणे येण्यापेक्षा जास्त झाले होते. लोक मागतील तेव्हा परत द्यायचा पैसा लांबच्या आणि धोक्याच्या उद्योगांत अडकला होता. मग इतकी वर्षे ती चालली कशी? नव्या ठेवी येत होत्या म्हणून. सकाळी एक पेन्शनर पैसे ठेवून जाई, दुपारी त्याच पैशातून दुसऱ्याचे व्याज जाई. गल्ला कधी रिकामा दिसला नाही. कारकुनांचे पगार वेळेवर झाले, साहेबांच्या घोडागाड्या फिरत राहिल्या. रोकड होती, नफा नव्हता.

लहान धंदेवाल्याने हा भाग दोनदा वाचावा, असे मला वाटते. आपण नेहमी ऐकतो की धंदा रोकड संपली की मरतो. खरेच आहे. पण रोकड भरपूर असतानाही धंदा आतून मेलेला असू शकतो, आणि ते ओळखणे जास्त अवघड. गल्ल्यात आलेला प्रत्येक रुपया आपला नसतो. ग्राहकाचा आगाऊ दिलेला पैसा आपला नसतो. वसूल केलेला जीएसटी तर आपला मुळीच नसतो, तो सरकारचा, आपण फक्त हमाल. भिशी लागली आणि दोन लाख हातात आले, ते तर चक्क कर्ज आहे. राहिलेले हप्ते भरायचे आहेत. तरीही भिशी लागल्यावर दुकानात नवे फर्निचर करणारे मी पाहिले आहेत.

चेन्नईत सराफांच्या मासिक बचत योजना फार चालतात. महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि शेवटी दागिना घ्यायचा. योजना अकरा महिन्यांची का असते, कधी विचार केलात? कारण २०१४ च्या नियमांप्रमाणे मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम कंपनीने ३६५ दिवसांत मालात वळती केली नाही, तर ती ठेव ठरते, आणि ठेवींचे नियम कडक आहेत. गेल्या काही वर्षांत तमिळनाडूत अशा योजना चालवणारे काही सराफ बुडाले. साडीच्या पदरात बांधून आणलेले पैसे भरणाऱ्या बायका बंद शटरसमोर उभ्या असलेल्या टीव्हीवर दिसल्या. हप्त्यांच्या पैशातून नवी शाखा, नव्या शाखेत नवे हप्ते. १९०६ चाच कित्ता.

आर्बथनॉटच्या राखेतून एक चांगली गोष्ट उभी राहिली. धनकोंची बाजू लावून धरणाऱ्यांत व्ही. कृष्णस्वामी अय्यर नावाचे मैलापूरचे वकील होते, मूळचे तंजावर जिल्ह्यातले. आपल्या लोकांचा पैसा आपल्या लोकांच्या बँकेत असला पाहिजे, असे त्यांनी ठरवले. स्वदेशीचे दिवस होते. नगरत्तार चेट्टियार, म्हणजे ब्रह्मदेशापर्यंत सावकारी करणारा समाज, त्यांच्या पाठीशी उभा राहिला. ५ मार्च १९०७ ला इंडियन बँकेची नोंदणी झाली आणि १५ ऑगस्ट १९०७ पासून काम सुरू झाले. हो, पंधरा ऑगस्ट, बरोबर चाळीस वर्षे आधी.

मराठी वाचकाला सांगण्यासारखे आणखी एक. मैलापूरला लझ भागात रानडे लायब्ररी आहे. रानडे म्हणजे आपले न्यायमूर्ती महादेव गोविंद. त्यांच्या स्मरणार्थ हे वाचनालय ज्यांच्या पुढाकाराने उभे राहिले, तेच हे कृष्णस्वामी अय्यर. रानड्यांनी आयुष्यभर सांगितले की या देशात कष्टाळू माणसे आहेत, पण त्यांना वाजवी दराने आणि वेळेवर भांडवल मिळत नाही. पुण्यात मांडलेला विचार मद्रासच्या वकिलाने वाचला होता, हे त्या पाटीवरून कळते. पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्र स्थापन व्हायला मात्र १९३५ साल उजाडले.

आता आर्बथनॉटच्या उलट टोकाला जाऊ. तिथे रोकड होती आणि नफा नव्हता. दुसरीकडे नफा असतो आणि रोकड नसते. हे पाहायला फर्स्ट लाइन बीचवरून अंबत्तूरला यावे लागते. १९६४ साली उभी राहिलेली ही औद्योगिक वसाहत. गाड्यांच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान शेडवाले इथे आहेत. आपल्याकडे भोसरी, सातपूर किंवा शिरोली एमआयडीसी, तसेच.

गणित सोपे आहे, कागद-पेन्सिल घ्या. एक शेडवाला महिन्याला १० लाखांचा माल देतो. लोखंड, वीज, पगार, भाडे धरून खर्च ९ लाख. नफा महिना १ लाख. वर्षाला १२ लाख, म्हणजे सासऱ्यांना सांगण्यासारखा आकडा. पण गिऱ्हाईक पैसे देते ९० दिवसांनी, आणि पगार तर दर महिन्याला द्यायचा. पहिल्या महिन्यात ९ लाख खिशातून गेले. दुसऱ्यात १८. तिसऱ्याअखेर २७ लाख गेलेले आहेत आणि हातात एक रुपया आलेला नाही. चौथ्या महिन्यात पहिले १० लाख आले, त्यातले ९ लगेच खर्चाला. खड्डा २७ चा २६ झाला. तो भरून यायला पहिल्या वसुलीपासून सव्वादोन वर्षे लागतील, तेही एकही बिल न थकता. २७ लाख १२ टक्क्यांनी काढले असतील, तर सुरुवातीला महिन्याला २७ हजार व्याज. लाखातला पावहिस्सा तिथेच संपला. त्यात जीएसटी बिल फाडल्यावर लागतो, पैसे आल्यावर नाही. माल फेब्रुवारीत गेला, तर कर मार्चच्या २० तारखेला भरायचा. गिऱ्हाइकाने मे उजाडेपर्यंत दमडी दिलेली नसते.

आता खरी गंमत. कारखाना म्हणतो, तुमचे काम उत्तम, ऑर्डर दुप्पट करतो. शेडवाला पेढे वाटतो. पण ऑर्डर दुप्पट म्हणजे खड्डाही दुप्पट : आणखी २७ लाख. धंदे मंदीत बुडतात असे लोकांना वाटते. तेजीत किती बुडतात ते कुणी मोजत नाही.

फौजेत असताना आम्हाला एक प्रश्न कायम विचारला जाई : किती दिवसांची रसद आहे? उंचावरच्या चौकीत बर्फाने रस्ता बंद होण्याआधी सगळा हिवाळ्याचा साठा चढवावा लागतो. पीठ, डाळ, रॉकेल, औषधे. खालच्या डेपोत हजार पोती भरलेली आहेत, हे वरच्या जवानाला सांगून उपयोग नाही. त्याच्या पत्र्याच्या खोलीत किती पोती आहेत आणि तोंडे किती, एवढेच गणित. शेडवाल्यालाही मी हेच विचारतो. नफा किती ते नंतर सांगा. आज सगळी येणी थांबली, तर पगार आणि भाडे किती दिवस देऊ शकाल? बहुतेकांना उत्तर द्यायला वही उघडावी लागते. काहींकडे वहीच नसते.

येणे बाकी आणि हाताशी पैसा यांतला फरक आमच्या पहिल्या बाजीरावसाहेबांना चांगला ठाऊक होता. चौथाई-सरदेशमुखीचे हक्क कागदावर केवढे! पण वसुली येणार तेव्हा येणार, आणि घोड्याला चंदी आजच हवी, शिलेदाराला पगार आजच हवा. रणांगणावर न हरलेला हा माणूस ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रांत लिहितो काय, तर सावकारांपुढे वाकून वाकून मी थकलो. आणि विशेष म्हणजे स्वामी स्वतःही त्यांना कर्ज देणाऱ्यांपैकी एक! माझ्या मते मराठी इतिहास शिकवताना पालखेडच्या बरोबरीने ही पत्रे शिकवावीत. मोहिमेचा वेग किती असावा, हे कधीकधी सेनापतीच्या मनावर नसून वसुलीच्या तारखेवर ठरते, हे मुलांना कळेल.

आता ज्यांच्याबद्दल बोलायचे म्हणून हा सगळा भाग केला, त्या लोकांकडे येतो. चेन्नईत साहुकारपेठ आहे. इथले लोक सौकारपेट म्हणतात. नाव आपल्या साहूकारावरूनच. सोन्याचांदीचा घाऊक बाजार इथला. मारवाडी, गुजराती, तमिळ सगळे आहेत. पण एखाद्या अरुंद जिन्याने वर चढलात, तर भट्टीचा आवाज येईल, आणि त्यावरून कुणीतरी ओरडेल, “आरं, मूस बघ की!” हे आमचे गलाईवाले. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, शेजारचे माण आणि खटाव. सगळा दुष्काळी पट्टा. शेतीवर भागत नाही म्हणून पिढ्यान्पिढ्या बाहेर पडलेली ही माणसे केरळपासून बंगालपर्यंत सोने-चांदी गाळताना दिसतात. विट्याच्या बाजारात उभे राहून कुणालाही विचारा, त्याचा कुणी ना कुणी भाऊबंद परप्रांतात भट्टीवर असतो.

काम काय? जुने दागिने, तुटकी चांदी, सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची मातीसुद्धा घ्यायची. टाकणखार घालून मुशीत वितळवायचे, तेजाब लावून हिणकस वेगळे करायचे, शुद्ध सोने बाजूला काढायचे. धूर, आम्ल, उष्णता. मिळकत बारीक. मजुरीवर गाळले तर सोने मालकाचे, आपली फक्त मजुरी. स्वतः मोड विकत घेतली तर टंच काढण्यातली अचूकता आणि भावातला बारीक फरक हीच कमाई.

या धंद्यात हातातून रोज लाखो रुपये जातात, आणि घरी न्यायचे ते काही शे किंवा काही हजार. रोकड आणि नफा यांत इतके अंतर असलेला दुसरा लहान धंदा मी पाहिलेला नाही. आर्बथनॉट इथे आठवड्यात बुडाला असता. मग हे लोक कसे टिकले? माझ्या ओळखीचे विट्याजवळच्या गावचे एक गृहस्थ आहेत, वय माझ्याएवढेच, शिक्षण सातवी. त्यांच्याकडे दोन वह्या आहेत. एक रुपयांची, एक ग्रॅमची. दुसऱ्याचे सोने ग्रॅमच्या वहीत जमा होते आणि ग्रॅमनेच वजा होते; ते रुपयांत कधी धरतच नाहीत. म्हणजे दिवसाला अर्धा किलो सोने भट्टीवरून गेले, तरी रुपयांच्या वहीत फक्त मजुरी दिसते. मी विचारले, हे कुणी शिकवले? म्हणाले, “थोरल्या चुलत्यानं. म्हणायचा, मुशीतलं सोनं डोळ्याला दिसतं तेवढंच आपलं.”

दुसरी त्यांची शिस्त. स्वतः शंभर ग्रॅम मोड घेतली, तर त्याच दिवशी तेवढ्या वजनाचा सौदा विकून टाकायचा. रात्रीतून भाव ग्रॅममागे १०० रुपये उतरला, तर शंभर ग्रॅममागे १० हजार गेले, आणि ते मजुरीतून कधी भरून निघायचे? भाव चढला तर तेवढा फायदा हुकतो, हे त्यांनाही कळते. अलीकडे सोने इतके चढले की शेजारच्या भट्टीवाल्याने नुसते धरून ठेवून पैसे केले. मी तसे म्हटल्यावर गृहस्थ हसले. भाव चढतो तेव्हा त्यांना खेळते भांडवलही जास्त लागते. तेवढीच मोड घ्यायला दुप्पट पैसे. माल तोच, कष्ट तेच, आणि तिजोरी मात्र दुप्पट मोठी हवी.

या लोकांनी झटकेही कमी खाल्लेले नाहीत. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले. चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने करायला बंदी. आघाडीवर सैनिकांना साधने हवी होती, परकीय चलन वाचवायचे होते. कारण मी नाकारणार नाही. पण सोनारांचे काम बसले, आणि सोनार बसला की गाळणारा बसतो. पुढे १९६८ चा कायदा, तो १९९० ला रद्द झाला. मग ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, आणि २०१७ च्या एप्रिलपासून दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारायला मनाई. रोखीवर उभ्या असलेल्या बाजाराला बँकेतून व्यवहार शिकावा लागला. तरुण पोरे ते पटकन शिकली. म्हाताऱ्यांनी भट्टी मुलाकडे देऊन गावाकडे द्राक्षबागेत लक्ष घातले.

पुन्हा उधारीकडे येऊ, कारण तिथे कायदा तुमच्या बाजूने आहे आणि बहुतेकांना तो ऐकून माहीत आहे, वापरून नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने. मग सगळे मागतात का? नाही. मागणारा पुढच्या महिन्यात पुरवठादार राहत नाही, ही भीती. म्हणून मला आयकर कायद्यातला नवा बदल जास्त कामाचा वाटतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून गिऱ्हाइकाने मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्याला त्या वर्षी करात धरता येत नाही. प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरायचा. यात तुम्हाला भांडावे लागत नाही, त्याचा सीएच त्याला आठवण करतो. फक्त बिलावर आपला उद्यम क्रमांक छापा. निव्वळ व्यापार करणाऱ्यांना मात्र याचा फायदा नाही, उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे.

शेवटी बेळगावच्या एका ताईंचा प्रश्न. त्या घरगुती मसाले करतात, चार बायका कामाला. एका दुकानांच्या साखळीने महिना ४ लाखांची ऑर्डर देऊ केली, पैसे ६० दिवसांनी. ताईंचा खर्च ३ लाख २० हजार, हाताशी बचत अडीच लाख. घरचे म्हणत होते दागिने गहाण टाक, अशी संधी परत येत नाही. मी त्यांना फोनवर एवढेच मोजून दाखवले, की पहिले बिल येईपर्यंत ६ लाख ४० हजार बाहेर असतील. त्यांनी साखळीवाल्यांकडे निम्मी ऑर्डर आणि ४५ दिवस मागितले. म्हणजे दीड महिन्याचा खर्च २ लाख ४० हजार, बचतीत बसणारा. साखळीवाले आधी नाही म्हणाले, आठवड्याने हो म्हणाले. परवा ताईंनी कळवले की पहिले बिल ५१ व्या दिवशी सुटले. मधले सहा दिवस त्यांनी ब्याडगी मिरचीच्या व्यापाऱ्याला थांबायला सांगून काढले.